नाना आता फक्त कांद्याचे भाव वाचतात

गुरुवार, संध्याकाळ

नाना आमच्या चहाच्या हॉटेलात गिऱ्हाइकांना रोज मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे. सुरक्षेचा नवा कायदा आला, तेव्हा ती बातमी वाचून म्हणाले होते, "कडक कायदा पायजेच की." पुढं यंत्रमाग कामगारांच्या सभेत बोलला म्हणून त्याच कायद्याखाली त्यांच्या पोराला, माझ्या भावाला, श्रीनूला उचललं. तेव्हापासून नाना फक्त कांद्याचे भाव वाचतात. भीती की लाज? मला विचारवत नाही.

आज पहिल्याच पानावर श्रीनूचा फोटो होता. जामीन फेटाळला. नानांनी ते पान आत दुमडलं आणि कांद्याचे भाव वाचले. शेजारचे मल्लूकाका हळूच म्हणाले, "ते बी वाचा की, नाना. आपलाच पोरगा हाय."

नानांनी चष्मा पुसला. कांद्याचेच भाव पुन्हा वाचले.