माझ्या देखरेखीखाली

३ जून
बाल न्याय मंडळाने आमच्या रुद्रला माझ्या हमीवर सोडलं. सतरा वर्षांचं पोर, लायसन नाही, आणि भाजीवाल्या नवसाबाईंना बाईकने उडवून त्यांचा पाय मोडला! अटी तीन. गाडी चालवायची नाही, दर शनिवारी प्रोबेशनच्या स्नेहल मॅडमकडे हजेरी, आठच्या आत घरात. चावी माझ्या खिशात. आता शिस्त काय असते ते दाखवतो.

८ जून, शनिवार
हजेरी चुकली. दोष सर्वस्वी योगिनीचा. मला दुपारच्या झोपेतून उठवणं बायकोचं काम नाही? रुद्र म्हणत होता, एकटा जातो. म्हटलं, गप्प बस, हमी मी दिलीय. मॅडमचा फोन. विचारतात, अट मुलाने मोडली की तुम्ही? उद्धट बाई!

१२ जून
रुद्र नऊला घरी. कानाखाली वाजवली. पान आणायला मीच पाठवलं होतं, आठ वाजून गेल्यावर. पण नाही म्हणायला याला तोंड नाही?

१९ जून
सिडकोत लग्न. कंबर धरलेली, गाडी चालवणं अशक्य. रिक्षावाल्यांचा माज मी खपवून घेत नाही. बाईकची चावी रुद्रच्या हातात दिली. म्हणाला, पप्पा, अट आहे. म्हटलं, कायदा मला शिकवू नकोस, मी मागे बसतोय म्हणजे देखरेख आहे.
मुंबई नाक्यावर पोलिसांनी अडवलं. मूर्ख लोक. देखरेख म्हणजे काय, कळतच नाही.

२६ जून
मंडळासमोर ठणकावून सांगितलं, चावी पोराने पळवली, मी त्याला थांबवायला मागे बसलो. मॅजिस्ट्रेट बाई रुद्रला म्हणाल्या, चावी तू घेतली असशील तर तुला सुधारगृहात पाठवावं लागेल, खरं सांग. तो म्हणाला, हो, मीच घेतली. माझ्याकडे बघितलंही नाही.
सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात योगिनी उठली. चारचौघांत माझ्याविरुद्ध कधी बोलली नव्हती. म्हणाली, चावी यांनी दिली, पोरगा नको नको म्हणत होता.
माझी हमी रद्द. रुद्र आता चांदवडला, सोमनाथमामाच्या हमीवर. योगिनीही गेली. घरचेच फितूर, तर बाप काय करणार?

२९ जून, शनिवार
हजेरीला मामा-भाचे एसटीने वेळेवर आले. मी ऑफिसबाहेर उभा. मॅडमना म्हटलं, भेटायचंय. म्हणाल्या, त्याला विचारते.
बाहेर आल्या. आज नको म्हणतोय.
मला भयंकर राग आला. कोणाचा, ते काही ठरवता आलं नाही.