गुरुवारचा गायनवर्ग आणि कार्डिफची परिषद

११ जानेवारी, गुरुवार
आज शाळेत अघटित घडले. ज्या गायनवर्गासाठी मी उतारवयातील प्रत्येक गुरुवार वेचला, तो हेडबाई नेरिस यांनी निम्मा कापून ग्विऑनला दिला. ग्विऑन म्हणजे वर्गातील मदतनीस. कानात बाळी, गळ्यात गिटार. लहानपणी माझ्याच गायनवर्गात शिकला, तेव्हाही चुळबुळ्या. माझा डो-रे-मी स्वरांचा तक्ता, जो मी चॅपलच्या प्रार्थनाघरातून स्वतः खांद्यावर वाहून आणला होता, तो कपाटामागे गेला आहे. मी तडक शाळेबाहेर पडलो. घरी येऊन मांजरास बोललो.
संकल्प: शिस्त पूर्ववत करणे.

१३ जानेवारी
धाकटी बहीण मॉरविद हिच्याकडून उपयुक्त माहिती मिळाली. कार्डिफला एक परिषद आहे. शिक्षकापासून मदतनिसापर्यंत प्रत्येकाची तिच्याकडे नोंद असावी लागते. कोणी गैर वागल्यास चौकशीही तीच करते. परिषद चालते ती याच मंडळींच्या वार्षिक फीवर, त्यामुळे मंत्र्यापुढे मान तुकवावी लागत नाही. मी शंका काढली की, ज्यांचे मीठ खायचे त्यांचीच चौकशी कशी व्हावी? मॉरविद म्हणाली, "दादा, तू जन्मभर चॅपलला वर्गणी देतोस. म्हणून पाद्री तुला झापायचा थांबलाय का?"
उदाहरण अनावश्यक होते. मुद्दा मान्य.
बाळी घालणाऱ्या इसमाची नोंद असणे अशक्य आहे.

२२ जानेवारी
तक्रार पाठविली. नाव घेणे हे चुगलखोराचे काम, म्हणून केवळ वर्णन केले: आमच्या शाळेत दर गुरुवारी एक पुरुष कसलीही नोंद नसताना गाणे शिकवितो, त्यास दूर करावे. भाषा चोख उतरली. परिषदेच्या खर्चास हातभार म्हणून दहा पौंडांची नोट जोडली.

२ फेब्रुवारी
परिषदेतून लोवरी नामक बाईंचा दूरध्वनी. आवाज मंजुळ. म्हणाल्या, "आजोबा, तुमची नोट परत पाठवतेय हं. आम्ही फी घेतो ती नोंद असलेल्यांकडून. तक्रार करणाऱ्याकडून घेतली तर लोक काय म्हणतील?" मी तात्काळ म्हणालो की, मग माझीही नोंद करून टाकावी. त्यांनी शिक्षण विचारले. मी सांगितले: चौथी. पुढे मेंढ्यांनी सोडले नाही. शाळेची हजेरी तपासणारा निरीक्षक आला की वडील मला गोठ्यात लपवीत. बाईंनी पुन्हा विचारले, "चौथी?" प्रभावित झाल्या असाव्यात.
तक्रारीची पाहणी आधी शाळेनेच करावयाची असते, असे कळले. ग्विऑनचे दिवस भरले.

८ फेब्रुवारी, गुरुवार
हेडबाईंनी कचेरीत बोलावले. मी टाय लावून गेलो. त्या म्हणाल्या, ग्विऑनची नोंद आहे, फीसुद्धा तो दरवर्षी न चुकता भरतो. "गुरुवारी गाणं शिकवणारा, नोंद नसलेला पुरुष या शाळेत एकच आहे, इद्वलकाका."
मी विचारले, कोण?
त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.
मी राजीनामा देऊ केला. त्या म्हणाल्या, "काका, तुमची नेमणूकच कधी झाली नव्हती, राजीनामा कशाचा घेऊ?" हौसेने येणाऱ्यास नोंद लागत नाही, मात्र आता तक्रार आलीच आहे, तर नियम पाळणे भाग आहे. नोंद असलेली व्यक्ती समोर बसली असेल तरच मला वर्ग घेता येईल. गुरुवारी मोकळा एकटा ग्विऑनच आहे.
घरी हे ऐकून मॉरविद हसून हसून खोकू लागली. मी तिला पाणी दिले नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
ग्विऑन मुलांच्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन बसला. तक्ता त्यानेच कपाटामागून काढून पुसला होता. म्हणाला, "काका, मी नुसता बसतो. तुम्ही चालू द्या." मी त्यास बसण्याची अनुमती दिली.

१ मार्च, आमच्या देशाचे संत डेव्हिड यांचा सण
मुलांच्या छातीवर पिवळी डॅफोडिलची फुले. त्यांचे गाणे ऐकण्यास सारा गाव लोटला होता. मी गावाकडे पाठ करून, मुलांसमोर ताल देण्याची छडी घेऊन उभा, शेजारी तक्ता. दुसऱ्या कडव्यात तक्त्याची जुनी दोरी तुटली आणि तो माझ्या पायांवर कोसळला.
मुले थांबली नाहीत. एकाचाही सूर ढळला नाही. त्यांची दृष्टी तक्त्यावर नव्हतीच, माझ्यावरही नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे होती. मी वळलो. पहिल्या रांगेत ग्विऑन बसला होता आणि मांडीवरचा हात हळूच वरखाली करीत होता. मूठ म्हणजे 'डो', आडवा तळवा म्हणजे 'मी' हा स्वर. त्या खुणा मीच शिकविल्या होत्या. चुळबुळ्याने एकही विसरलेली नव्हती.
पद्धत माझीच आहे, हे येथे नमूद करतो.
चहाच्या वेळी तो दोनदा शिंकला. मी तात्काळ माझा लोकरी मफलर त्याच्या गळ्यात घातला, आणि मॉरविदकरवी घरचा मध पाठविला. तो गुरुवारी अंथरुणाला खिळला तर, नियमाप्रमाणे, माझा वर्ग होणार नाही.