बुधवारचा निरोप

प्रिय नोएलिन,

'तुझ्या माहेरी शंखमाळा मोजून देऊन आणलीय तुला' हे नवऱ्याचं बोलणं ज्या बायकांना रोज जेवणाबरोबर गिळावं लागतं, त्या सगळ्यांना मी रेडिओवरून हाका मारते. आज फक्त तुला लिहितेय. सकाळपासून बसते, उठते, खिडकीतून धक्क्यावरच्या बोटी बघते नि पुन्हा बसते.

इथं राजधानीत, होनियारात, आमचा कार्यक्रम गाजतोय. 'मार सोसू नका, या नंबरवर फोन करा', असं मी घसा फोडून सांगते. पण आपल्या मलाइता बेटावरच्या गावांतून एकही फोन नाही! परवा बाजारात रताळी विकायला आलेली सालोमे मावशी भेटली. म्हणाली, "अगं शहाणे, आपल्याकडे फोन लागतो तो टेकडीवरच्या आंब्याखाली. बाई एकटी वर चढली की पाद्रीबाबापासून पोरांपर्यंत सगळे विचारतात, कुणाला लावतेस गं? आणि घरी नवरा तेच विचारतो, काठी घेऊन." मग आवाज खाली आणून तिनं तुझ्या हाताचं सांगितलं. तुझ्या नवऱ्यानं, इरोनं, वल्ह्यानं मारल्याचं.

आता माझ्याकडेच राहणारी आई शेजारी उभी राहून ऐकत होती. हीच आई, जिनं इरोनं भरपाई म्हणून आणलेलं समेटाचं डुक्कर घेऊन तुला परत त्याच्या घरी धाडलं. मग म्हणाली, "रेडिओवर सांग, मी मेले. पोर येईल." मी म्हटलं, "मेलीस म्हटलं तर जावई सगळ्यांच्या आधी येऊन गळा काढेल!" आम्ही दोघी हसलो. मग ती रडली, आणि मला काही तिला थांबवता येईना.

म्हणून मरायचं नाही, आजारी पडायचं ठरलं. आजाऱ्याच्या उशाशी बसणं बायकांचं काम, इरो काही येणार नाही. आणि रेडिओवरचा निरोप अख्खं गाव ऐकतं. आजारी आईकडे जाणाऱ्या लेकीला अडवलं, तर मुखियाच त्याला जाब विचारेल. बघ, इरोच तुला होडीनं तिकडच्या बोटीच्या धक्क्यावर आणून सोडेल.

हे पत्र मावशीच्या टोपलीतून येतंय. वाचून चुलीत टाक. बुधवारी संध्याकाळी, गावोगावचे निरोप वाचताना, माझ्याच आवाजात ऐकशील: नोएलिनची आई फार आजारी आहे, तिनं ताबडतोब यावं. सगळ्यांसमोर मोठ्यानं रड, पण मनातून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे. मार खाऊन आलेल्या बायकांसाठीच्या इथल्या आश्रयघरात तुझी नि तुझ्या लेकीची जागा करून ठेवलीय. सामान घेऊ नकोस. लेकीला कडेवर घे आणि गुरुवारच्या बोटीत चढ.

होनियाराच्या धक्क्यावर तुझी वाट बघत उभी राहणारी,
तुझीच बहीण डोरीन