शेकडा शंभर

देऊळगाव राजा
ता. ९ जानेवारी १९३४

चि. रमाकांत यास चिंतामणचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे क्षेम आहे. तुझे कुशल विचारण्याइतकी आज माझी जीभ गोड नाही. शैलजेचे पत्र काल आले. मिडलच्या परीक्षेला पाठवायच्या मुलांतून तू स्वतःच्या मुलीचे नाव काढलेस म्हणे. का, तर चाचणीत तिचे गणित बुडाले आणि तुला शाळेचा निकाल यंदा शेकडा शंभर हवा! अरे, थोरला भाऊ म्हणून विचारतो, तू तिचा बाप आहेस की नुसताच हेडमास्तर? मिडल पास झाल्यावाचून अमरावतीच्या नॉर्मल स्कुलात तिला कोण घेणार? पोरीला मास्तरीण व्हायचे आहे, आणि तुझ्या डोक्यात जालन्याचे स्थळ घोळते आहे, हेही कळले.

आपली शाळा आठव. लिंबाखाली माझा सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि रस्त्याने जाणारा गाडीवान बैलांचे कासरे ओढून ऐकत राहायचा. आर्या म्हणता म्हणता तुझे डोळे आपोआप मिटत. तो मुलगा कुठे गेला रे? तिचे नाव परत घाल.

सौ. सुहासिनीस आशीर्वाद. राग आला तरी उत्तर पाठव. मुका राहू नकोस.

चिंतामण


कसबे निंबगाव, ता. मेहकर
ता. १५ जानेवारी

ती. दादांचे चरणी रमाकांतचा सा. न. वि. वि.

पत्र चपराशासमोर फोडले, त्याचा पश्चात्ताप झाला.

तुम्हाला पेन्शन आहे, कवितेला वेळ आहे. मागच्या साली आमची निम्मी मुले नापास झाली, तेव्हा डेप्युटी इन्स्पेक्टर साहेबांनी सगळ्या मास्तरांदेखत विचारले की शाळा चालवता की धर्मशाळा. यंदा तसेच झाले तर वरचे वर्ग बंद. मग या गावची कुठलीच मुलगी मिडलपर्यंत पोचणार नाही. हे तुमच्या आर्येत बसते का पाहा.

मी चौघांना थांबवले. त्यांत शैलजा आहे, तसा वहाब मिस्त्रीचा जब्बारही आहे. वहाब दारात येऊन म्हणाला की मास्तर, पोट्टा नापास झाला तं मी त्याले कामाले लावतो, पण तुम्ही बसूच देऊन नाही राह्यले, हे काऊन? त्याला परत पाठवून माझ्या मुलीला कोणत्या तोंडाने बसवू?

आणि तिचे गणित बुडवले कोणी? दोन उन्हाळे तुमच्याकडे राहून आली ती चाली घेऊन आली. त्रैराशिक विचारले तर वृत्त सांगते. तुमच्या हाताखाली किती मुलांचे गणित असे गाण्यात गेले, ते जुने लोक अजून सांगतात.

स्थळ चांगले आहे. आपण मध्ये पडू नये. वडीलकीचा मान राखायची माझी इच्छा आहे, ती राहू द्यावी.

रमाकांत


देऊळगाव राजा
ता. २४ जानेवारी

चि. रमाकांत यास आशीर्वाद. द्यायचा म्हणून देतो.

वहाबला तोंड दाखवता येत नसेल तर चौघांनाही बसव. पण तेवढी छाती तुला नाही. म्हणून शैलजेला मी इथून खाजगी उमेदवार म्हणून बसवतो आहे. सौ. सुहासिनीने तिला मोटारीत बसवून दिले, हे एव्हाना तुला समजले असेल. तिच्यावर ओरडू नकोस. ओरडायचे ते मला लिही.

गणिताची चिंता सोड. त्रैराशिकाचे नियम मी श्लोकांत बांधले आहेत. दुसरे तिसरे गुणा आधी, पहिल्याने मग भागा! पोर झोपाळ्यावर बसून गाते आणि उत्तर बरोबर येते. शेजारच्या अन्नपूर्णाबाई दळताना तेच म्हणू लागल्या आहेत. तुझ्या छडीने हे कधी झाले होते का?

तुझ्यावर माया आहे, ती आज शोधून काढावी लागली.

चिंतामण


कसबे निंबगाव
ता. ३० जानेवारी

ती. दादांस सा. न.

मुलगी पळवून नेणाऱ्यास मायना कसा लिहावा, हे मला कोणी शिकवले नाही. ती नापास होईल. झाली की जालन्याच्या लोकांना तोंड तुम्हीच दाखवा. यापुढे तुमचे पत्र या घरात फोडले जाणार नाही.

रमाकांत


देऊळगाव राजा
ता. १२ मे

ती. बाबांचे चरणी शैलजेचा शि. सा. न. वि. वि.

मोठ्या बाबांची पत्रे तुम्ही फोडत नाही, म्हणून मी लिहिते. तुमच्या शाळेची सगळी मुले पास झाल्याचे ऐकले. मी गणितात गेले. बाकीचे विषय निघाले.

पेपरात पहिलेच उदाहरण त्रैराशिकाचे होते. श्लोक आठवला, पण पुटपुटल्याशिवाय पुढे सरकेना. दोन ओळी झाल्या नाहीत तोच देखरेखीवरचे मास्तर कडाडले की ही परीक्षा आहे, भजन नव्हे. सगळी मुले हसली. मी ओठ मिटले, मग मला एकही उदाहरण सुटले नाही.

मी मोठ्या बाबांना तोंडावर सांगितले की मी पास होण्यापेक्षा तुम्हाला तुमचे श्लोक हवे होते. ते जेवणावरून उठले. मला वाईट वाटते, पण मी बोलले ते खोटे नव्हते.

तुमच्यावरही माझा राग आहे. तुम्ही गणित शिकवले की दगडालाही समजते, असे गाव म्हणते. मला एकदाही समोर घेऊन बसला नाहीत. शिकवण्यापेक्षा नाव काढणे तुम्हाला सोपे गेले.

पुढच्या वर्षी मी पुन्हा बसणार. तोंड मिटून गणित करायला मला तुम्हीच शिकवू शकता. न्यायला या, पण न्यायचे ते पाटीपुढे, जालन्यापुढे नाही.

आईस नमस्कार. रागावलात तरी तुमचीच,

शैलजा


कसबे निंबगाव
ता. १९ मे

ती. दादांस सा. न. वि. वि.

थांबवलेल्या चौघांची शिकवणी या सुट्टीत घरी सुरू करतो आहे. वर्गात घ्यायला हवे होते, ते घेतले नाही. पुढल्या साली चौघेही परीक्षेला जातील, मग शेकडा किती का होईना. जालन्यास नकार कळवला.

शैलजेला न्यायला शुक्रवारच्या मोटारीने येतो. मी जेवणार नाही. घरातही येणार नाही; मोटार परत फिरेपर्यंत बाहेर उभा राहीन. तिची ट्रंक भरून ठेवावी.

निघताना तिला काही शिकवू नये.

रमाकांत