आठ दिवसांची चिठ्ठी

गुरुवार, ५ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

बाबा काल रात्री शांत झोपले, असं वृद्धाश्रमातल्या परिचारिकेने आज सकाळी फोनवर सांगितलं. खिडकीजवळची खाट मिळाली आहे. जाताना त्यांनी जराही कुरकुर केली नाही, आणि तेच मला सलतंय.

तू त्यांना फोनवर म्हणालास ना, की आठच दिवसांचा प्रश्न आहे? दुकानात दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ ते गिऱ्हाइकाचं नाव आणि न्यायची तारीख घातलेली चिठ्ठी बांधून आठ दिवस पारखायला खुंटीला लावत, मगच देत. तशीच पुठ्ठ्याची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या गुंडीला बांधली आहे. वर माझं नाव, खाली 'बुधवार, ११ मार्च, सकाळी दहा'. परिचारिका हसली. मला नाही हसू आलं.

महिन्यात दोनदा जिन्यात पडले ते. मला आता उचलवत नाहीत. आश्रमाचा खर्च आपल्या दोघांच्या पगारात बसत नाही, तेव्हा घर विकायचं हे ठरलंच आहे. पण सही त्यांची लागणार, आणि सांगायचं कुणी? लांब बसून गोड बोलायला तुझं काय जातं रे! वाईट मीच व्हायचं.

घरात आता फक्त घड्याळं बोलतात. किल्ली द्यायला विसरले, तर तीही गप्प होतील.

वेळेवर जेवत जा. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई


शनिवार, ७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं बोलणं लागलं, पण खोटं नाही. त्या दिवशी फोनवर बाबा काही बोलेनात. ती शांतता मला झेपेना, म्हणून तोंडातून आठ दिवस निघून गेलं.

काल जेवणाच्या सुट्टीत खरं सांगायला फोन केला. त्यांनीच आधी विचारलं, माझं मनगटी घड्याळ अजून मागे पडतं का. पडतं म्हणालो. मग उकाड्यावर बोललो आणि फोन ठेवला. मी शूर आहे असा आरोप तू माझ्यावर लहानपणीही कधी केला नव्हतास.

मंगळवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. या वेळी बोलेन मी, तू नुसती शेजारी बस.

तुझा, ओरडून घेण्यास पात्र,
धाकटा


सोमवार, ९ मार्च

चि. ताई आणि धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

अक्षर हललंय, सांभाळून घ्या. इथे चहा कोमट असतो, माणसं तशी नाहीत. शेजारच्या खाटेवरचे मास्तर मला दिवसातून चारदा वेळ विचारतात आणि चारही वेळा ती चूक आहे म्हणतात.

इथला महिन्याचा दर मी कचेरीत विचारला. घराचं काय होणार, ते तुम्ही न सांगताच कळलं.

घड्याळ आता चालायचं नाही, हे मला उघडल्याबरोबर समजायचं. गिऱ्हाइकाला कसं सांगावं, ते मात्र चाळीस वर्षांत जमलं नाही. मग मीही म्हणायचो, आठ दिवसांनी या. धाकट्या, ते तू माझ्याकडूनच उचललंस. तुला काय रागावू?

चिठ्ठी बांधली ती घरी न्या म्हणून नाही. तारीख घातली की माणूस येतो, एवढंच मला ठाऊक आहे.

घराचे कागद आणा. ताईसाठी दोन खोल्या बघितल्याशिवाय मात्र सही करणार नाही. माझं काय, माझी खाट ठरली आहे. तिची कुठे ठरली?

बुधवारी दहाला फाटकाशी बसलेला असेन. येताना कोरी चिठ्ठी आणि दोरा आणा. पुढची तारीख तुम्ही तुमच्या हाताने घाला.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

बाबा