एका सुताचे तीन

११ एप्रिल
पोचलो एकदाचा राजकोटला! वेरावळच्या बर्फाच्या कारखान्यातून मी पळालो, मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी मला हाकललं, आता हे तिसरं. पण इथं जमेल असं वाटतंय. वीरजीभाईंचा पत्र्याला भोकं पाडायचा कारखाना आहे. जाळ्या, गाळण्या, कूलरच्या बाजू. मी काचेच्या केबिनमध्ये बसून कॉम्प्युटरवर नकाशा काढायचा, तो समोरच्या पंचिंग मशीनला जाणार, आणि ठोसा बरोब्बर तिथंच भोक पाडणार. मला पत्र्याला हातसुद्धा लावावा लागत नाही. लाभुबेननी, म्हणजे वीरजीभाईंच्या बायकोनं, आल्या आल्या गाठिया आणि कच्च्या पपईचा संभारो पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, पोरा, हाडं मोजता येतील तुझी. वेरावळच्या गाठियात सोडा फार. असो.

१२ एप्रिल
आज ग्रिड लावली. काळ्या पडद्यावर एकदम ठिपकेच ठिपके, रांगोळी मांडायच्या आधीसारखे. दिसतात ती ग्रिड, आणि माउस ज्यांना चिकटून चालतो ते स्नॅप. दोन्हींचं अंतर सारखं ठेवायचं, नाहीतर दिसणार एक आणि रेघ पडणार भलतीकडे. शून्य म्हणजे मशीनच्या टेबलाचा डावा कोपरा.
वीरजीभाईंनी बजावलं की इथं सगळं सुतात चालतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन पूर्णांक एकशे पंच्याहत्तर मिलिमीटर. मागचं शेपूट तोडायचं नाही, असं दोनदा म्हणाले. मी मान डोलावली. ते गेल्यावर ग्रिडला तीन भरले, स्नॅपलाही तीन. बाजारात कुणालाही विचारा, सूत म्हणजे तीनच.
एक ते चार अख्खं राजकोट झोपतं. मला दुपारी झोप येत नाही, पाय शिवशिवतात. मशीनवाले मामदभाई मेन स्विच पाडतात, पोतं अंथरून मशीनच्या टेबलावरच आडवे होतात. लोखंड गार लागतं म्हणे. मला म्हणाले, अल्या जसमत, घुबडासारखा बघत बसू नकोस, माझ्या स्वप्नात येशील.

१६ एप्रिल
काच पुसून आत्ता लिहायला बसलोय.
चाळीस इंची पत्रा होता. तीनशे वीस सुतं. पत्रा पकडणारा क्लॅम्प शेवटाजवळ असतो, तिथं मोकळी जागा ठेवून मी पलीकडे काठाची शेवटची रांग काढली होती. पण माझं प्रत्येक सूत तोकडं. शेवटची रांग छप्पन मिलिमीटर अलीकडे घसरली. ठोसा क्लॅम्पवरच बसला. तुकडा उडाला आणि मामदभाईंचा गाल कानापर्यंत फाटला. आतले दात दिसत होते. माझ्या केबिनच्या काचेवर रक्त.
वीरजीभाईंनी कॉलर धरून दोन कानाखाली ओढल्या. तिसरी मारताना रडायला लागले. हमीरनंही तीनच भरले होते, हमीरनंही, एवढंच म्हणत राहिले.

१९ एप्रिल
मामदभाई गालाला चौदा टाके घालून परत आलेत. हसता येत नाही, तरी मला टोमणा मारलाच, म्हणाले, तुझ्यामुळे माझी बायको आता मला लांबूनच ओळखते.
हमीरचं त्यांनीच सांगितलं. माझ्याआधी तो या खुर्चीवर बसायचा. मशीनवर तेव्हा मामदभाईंचा मोठा भाऊ होता, जुसब. क्लॅम्प असाच तुटला, जुसब आत वाकून तुकडे काढत होता, आणि हमीरनं घाईत नकाशा पुन्हा सोडला. मशीननं जुसबला ओढून घेतलं. चिमटीत धरून, रांगेनं भोकं पाडली. हमीर त्याच दुपारी पळाला.
मामदभाई टेबलावर झोपतात ते गारव्यासाठी नाही. भाऊ शेजारी असतो, म्हणाले. मला काही करत नाही तो. मला, असं जोर देऊन म्हणाले.

२० एप्रिल
ग्रिड नीट केली. तीन पूर्णांक एकशे पंच्याहत्तर. तीनदा तपासलं.
दुपारी बघतो तर पुन्हा तीन.

२३ एप्रिल
रोज भरतो. रोज दुपारी तीन होतात. आणि माउस रिकाम्या जागी अडकतोय. तिथं काहीच काढलेलं नाही. अडकतो तिथं तिथं टिंब देत गेलो. टिंबं जोडली.
माणूस आहे. उताणा झोपलेला. पाय शून्याकडे.
पुसला. चहा पिऊन आलो, पुन्हा होता. आता बोटंही होती.

२४ एप्रिल
मशीनखाली पिंप असतं, पाडलेल्या भोकांच्या टिकल्या त्यात पडतात. आज दुपारी सगळे झोपलेले असताना त्यात हात घातला. पत्र्याच्या टिकल्यांत एक मऊ लागली. गोल, रुपयापेक्षा लहान. कातडी. त्यावर दोन केस. खालून ओली.
मेन स्विच पाडलेला होता. मामदभाई घोरत होते. अंगावर एक ओरखडा नाही.

२५ एप्रिल
नकाशातला माणूस मोजला. पाचशे छप्पन सुतं.
मामदभाईंनाच धोका आहे हे नक्की. जागा त्यांची, पोतं त्यांचं. झोपेत टेप लावली. पाचशे बारा. जागे झाले, म्हणाले, कफन शिवतोस काय रे माझं? मी रडलो, पाया पडलो, तिथं झोपू नका म्हटलं. म्हणाले, भावाला एकटा टाकू?
पण पाचशे बारा. मग एवढा उंच कोण—

२६ एप्रिल
दाराला पाठ लावून उभा राहिलो. लाभुबेनना डोक्यावर खडूची खूण करायला सांगितली. हसत होत्या, लग्न ठरलं वाटतं, म्हणाल्या.
साडेएकोणसत्तर इंच.
आठानं गुणलं. पुन्हा गुणलं.
मी.
उद्या दुपारी निघतो. सगळे झोपले की. कुठंही. ओखा, भुज, कुठंही.

२७ एप्रिल
दीड वाजला. पिशवी खांद्यावर आहे. वही पँटीच्या खिशात कोंबतोय—

मशीन चालू झालं. भर दुपारी. फाटकापर्यंत गेलो होतो. आतून किंचाळी आली, मामदभाईंचीच. कसा जाऊ सोडून? धावलो. पोत्याखाली कुणीतरी तडफडत होतं. टेबलावर चढून ओढलं—
पोत्याखाली कुणी नव्हतं.
मामदभाई दारात उभे. झोपेतून उठून आले होते, चहाच्या टपरीवरून. आज तिथं झोपले होते. मी पाया पडलो होतो म्हणून.

डावं मनगट क्लॅम्पमध्ये. हाड मोडलं, आवाज ऐकला. मामदभाई ओरडतायत, स्विच पडलेलाच आहे, वायर तोडली, वायर तोडली रे! जुसब, सोड त्याला, पोर आहे!
टेबल मला घेऊन सरकतंय. पाय शून्याकडे.

ठोसा— बूट— अंगठा गेला. पिंपात वाजला नाही. मऊ.
थांबत नाही. घोटा. दुसऱ्या पायाचा—
उजवा हात मोकळा आहे. लिहितो. माझ्या खुर्चीवर जो बसेल त्यानं वाचावं. आकडा गोल करू नकोस. शेपूट तोडू नकोस. गुडघा— आई—
ग्रिडला भर. स्नॅपलाही भर. तीन नाही. तीन पूर्णांक एकशे पं