सॅम्पल फ्लॅटला दारं का नसतात?

रविवार, १ फेब्रुवारी. सकाळी.

एक कोडं. सॅम्पल फ्लॅट पाहून आलेला माणूस स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर थबकतो आणि मनात म्हणतो, आपलं घर एवढं लहान होतं? कागदावर दोन्हींचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच असतं. मग तिथे आपण हात पसरून हिंडतो आणि इथे टीपॉयला नडगी आपटते, असं का?

कारणमीमांसा, वर्गात मुलांना समजावतो तशी. एक, तिथला पलंग मुद्दाम आखूड बनवलेला असतो. दोन, समोर आरसा लावून भिंत नाहीशी केलेली असते. तीन, आणि हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही, तिथे आतल्या खोल्यांना दारंच नसतात! दार म्हणजे नुसती फळी नव्हे. ते उघडताना पाव वर्तुळ फिरतं आणि तेवढी जमीन खाऊन टाकतं. दार काढा, खोली वाढली. किती सुंदर युक्ती आहे!

निश्चय: बावीस तारखेच्या रविवारी नव्या संकुलातली घरं पाहायला जायचं, पूर्ण शास्त्रीय तयारीनिशी. फसणाऱ्यांतला मी नाही.

प्रयोजन स्पष्ट आहे. सासूबाई गेल्यावर सासरे, म्हणजे अण्णा, आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात. तात्पुरतं. आमच्या बेडरूम दोनच. एकीत आम्ही दोघं, दुसरीत माझं अभ्याससाहित्य. अर्थात मोठं घर, याखेरीज दुसरा उपाय संभवत नाही.

(अण्णांना आग्रह करताना "तुमची वेगळी खोली" हे शब्द मीच वापरले होते. नोंद असावी.)

सोमवार, २ फेब्रुवारी.

मोजमापाचा नवा टेप आणला. जुना अभ्यासिकेत आहे, परंतु खिडकीच्या बाजूला. तिथपर्यंत सध्या पोहोचता येत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. पहाटे.

तयारीसाठी लवकर उठलो. पाहतो तर अण्णा आधीच जागे. चादर घडी करून उशीसकट सोफ्यामागे सारलेली, गाद्या थोपटून सरळ केलेल्या. कोणी उठायच्या आत सोफ्याचा पुन्हा सोफा व्हावा, असा त्यांचा रोजचा नेम असावा. मला आजवर ठाऊक नव्हतं.

मला पाहून सरकून बसले. "बसा जावईबापू, हॉल तुमचाच आहे." मग म्हणाले, मी इथे पाहुणा आहे की पहारेकरी, तेवढं एकदा ठरवून टाका. दूधवाल्याला दार मी उघडतो, पेपरवाल्याला मी उघडतो. पहारेकरी असेन तर एक शिट्टी तरी द्या.

हसलो. नंतर तयारीत मन लागलं नाही. प्रायश्चित्त म्हणून नव्या घराचा नकाशा काढला. अण्णांची खोली पूर्वेला. खिडकी मोठी. (उरलेल्या कोपऱ्यात माझं एक छोटंसं कपाट. अगदी छोटं.)

रविवार, ८ फेब्रुवारी.

हिचा प्रश्न: "अहो, त्या खोलीतलं सामान जरा हलवलं, तर अण्णांची खाट नाही का मावणार?"

शांतपणे समजावून दिलं. घर बदलताना सामान हलवावंच लागणार. आता हलवलं तर तेच काम दोनदा होईल. एकाच वस्तूवर दोनदा श्रम खर्च करणं तर्काला धरून नाही. ही ऐकत होती. ऐकताना एकच पातेलं फार वेळ पुसत राहिली.

"तुमचं शास्त्र बरोबरच असेल," म्हणाली. "पण अण्णा बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलतात."

हे माझ्या मुद्द्याचं उत्तर नव्हे. तरी दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं. अण्णांचे गुडघे दुखतात, आणि बाथरूममध्ये बसायला काहीच नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी.

आज अर्धी रजा टाकून अभ्यासिका आवरायला घेतली. उगाच नाही, केवळ मनाच्या समाधानासाठी.

दार जितकं उघडतं तितकं उघडून, पोट आत घेऊन, कडेने शिरलो. आत विज्ञान मासिकांचे गठ्ठे, व्यायामाची सायकल, सूर्यमालेची प्रतिकृती (शनी निखळलेला), आणि घरं पाहायला गेलो तेव्हा तेव्हा मिळालेली माहितीपत्रकं. पहिलाच अंक उघडला तो निर्वात पोकळीवर निघाला. विलक्षण विषय! ज्या जागेत काहीच नाही, ती जागा तरी खरोखर रिकामी असते का? उभ्या उभ्याच वाचला.

फलित: एक गठ्ठा हॉलमध्ये आणला, सवडीने वाचण्यासाठी. तो सोफ्यामागे नीट बसला. तिथे अण्णांची सुटकेस होती, ती बाल्कनीत ठेवली.

संध्याकाळी अण्णा सदऱ्यासाठी दोनदा बाल्कनीत गेले. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १५ फेब्रुवारी.

रंगीत तालीम. अण्णांना हॉलमध्ये बसवून सर्व चाचण्या समजावून दिल्या. आरशाला पाठ करून उभं राहायचं. पडदा सारून खिडकी खरी आहे का, पाहायचं. आणि सर्वांत महत्त्वाची पलंग-चाचणी: पलंगावर सरळ उताणं पडायचं, पाय बाहेर आले की लबाडी उघड. अण्णांची उंची चांगली. याहून उत्तम उपकरण मिळणं कठीण.

"म्हणजे मी आता मोजपट्टी," अण्णा म्हणाले. "पहारेकऱ्याची बढती झाली म्हणायची."

परंतु त्यांना उत्साह वाटत होता, हे मी पाहिलं. हिला म्हणाले, रविवारी तो पांढरा शर्ट घालेन, इस्त्री करून ठेव गं. मग मला विचारलं, त्या खोलीला दार असेल ना?

असेल, मी म्हणालो.

"कडी?"

कडीसकट, मी म्हणालो. कोणालाही न विचारता म्हणालो.

गुरुवार, १९ फेब्रुवारी.

हिने विचारलं, बँकेत चौकशी केलीत का? म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मागच्याही आठवड्यात हेच म्हटलं होतं, असं ही म्हणाली. हिची स्मरणशक्ती चांगली आहे.

खरं म्हणजे चौकशी आधी करणं पद्धतीला धरून नाही. प्रथम निरीक्षण, मग निष्कर्ष, मग बँक.

संध्याकाळी बागेजवळ अण्णांचे फिरण्यातले सोबती भेटले. माझा हात हातात घेऊन हलवत राहिले. तुमच्या सासऱ्यांनी सांगितलं, जावई आमच्यासाठी घर घेतोय म्हणून! आमच्या जावयाला तर आम्ही चहा घेतो की कॉफी, हेही माहीत नाही हो.

आभार मानले. दुसऱ्या रस्त्याने घरी आलो.

रविवार, २२ फेब्रुवारी. दुपारी चार.

जाऊन आलो. क्रमाने लिहितो.

दाराशीच सेल्सच्या बाईंनी ओळखलं. "सर, या या! आमच्या आधीच्या दोन्ही प्रोजेक्टना पण आला होतात ना तुम्ही?" हिने माझ्याकडे पाहिलं. मी पायपुसण्याकडे पाहिलं.

आरसे होते. तत्काळ ओळखले. आतल्या खोल्यांना दारं नव्हती. मी विचारलं, दारं? बाई म्हणाल्या, ताब्याच्या वेळी येतील सर, आता मोकळं मोकळं वाटायला हवं ना! माझा सिद्धान्त शब्दशः सिद्ध झाला. हिला कोपराने खुणावलं. हिचं लक्ष अण्णांकडे होतं. दुसऱ्या खोलीच्या रिकाम्या चौकटीवर ते हात फिरवत होते. बाईंना विचारत होते, कडी इथे येणार का, की जरा खाली?

मग पलंग-चाचणी. अण्णा चपला काढून आडवे झाले. पाय घोट्यापर्यंत बाहेर! मी टेप लावला. आखूड पलंगामुळे खोली कशी लांब भासते, हे बाईंना आणि तिथे आलेल्या एका कुटुंबाला सविस्तर समजावून सांगितलं. बोलणं चांगलं रंगलं होतं. सर्वांचं लक्ष माझ्या पाठीमागे आहे, हे जरा उशिरा जाणवलं.

वळून पाहिलं. अण्णांना झोप लागली होती.

हळूच हाक मारली. उठले नाहीत. पुन्हा मारणार, तोच हिने ओठांवर बोट ठेवलं. त्या कुटुंबातली बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "बघा, आजोबांची खोली काय छान दाखवलीय!" सेल्सच्या बाई हुशार. पुढची गिऱ्हाइकं त्यांनी चवड्यांवर चालतच आत आणली.

ही पलंगाच्या कडेला बसली. ओढणी काढून अण्णांच्या बाहेर आलेल्या पावलांवर घातली. वर न पाहता म्हणाली, "घरी अशी झोप लागलेली कधी पाहिलीत?"

गादीच्या दर्जाविषयी एक उत्तर माझ्याकडे तयार होतं. दिलं नाही.

बऱ्याच वेळाने अण्णांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. हिला म्हणाले, "आलो का गं आपण राहायला?"

हिने पावलांवरची ओढणी सारखी केली. मग त्यांच्या ध्यानात आलं. उठून बसले, चादर ओढून सरळ केली, उशी थोपटली, रोज सोफ्याची करतात तशी. बाईंना म्हणाले, "मोजपट्टीला डुलकी लागली. माफ करा हं."

घरी आलो. नियमाप्रमाणे उंबऱ्यावर थबकलो. ही थबकली नाही. पर्स खांद्यावर तशीच ठेवून सरळ अभ्यासिकेपाशी गेली आणि दार ढकललं. ते थोडं उघडलं आणि अडलं. तिने पुन्हा ढकललं. आत काहीतरी घरंगळत गेलं. बहुधा शनी.

"राहू दे गं," अण्णा सोफ्यावरून म्हणाले. "चालतंय मला."

ही चहा टाकायला गेली. मला विचारलं नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी.

रजा घेतली. पूर्ण.

कडेने आत शिरलो. मासिकं वाचली नाहीत. खाटेचं नेहमीचं माप धरून नवा टेप जमिनीवर लावला. खाट मावते. पायाशी चालायला जागा उरते, सकाळचं ऊनही येतं. ती बसते ती जागा नेमकी दारामागची. दार जिथे अडतं तीच. तिथे काय रचलंय म्हणून खाली बसून पाहिलं. अण्णांना खोली मिळावी म्हणून आजवर मी जी जी घरं पाहून आलो, त्या सगळ्यांची माहितीपत्रकं.

सिद्धान्तात दुरुस्ती. दार पाव वर्तुळ जागा खातं, हे खरं. परंतु आमच्या या दाराला गेली कित्येक वर्षं पोटभर खायला मिळालेलं नाही.

बाहेरून अण्णांनी विचारलं, काही मदत करू का? नको, मी म्हणालो. तोंड दाखवावंसं वाटलं नाही.

एक साधी चाचणी. साहित्य काही लागत नाही. नवं घर पाहायला निघण्यापूर्वी स्वतःच्या घरातलं प्रत्येक दार भिंतीला टेकेपर्यंत उघडून पाहावं. सगळी टेकली, तर घर खरोखरच लहान आहे, खुशाल जावं. एखादं अडलं, तर तिथेच थांबावं, फटीतून हात आत घालावा आणि हाताला काय लागतं, ते आधी पाहावं.